रात्रीचा ठणका आणि कपाटातली गोळी

प्रश्न : माझे यजमान ६७ वर्षांचे आहेत. मधुमेह १६ वर्षांपासून आहे. सहा वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला, तेव्हापासून ॲस्पिरिन चालू आहे. सिगारेट कमी केली आहे, पण सुटलेली नाही. वर्षभर चालताना त्यांची उजवी पोटरी भरून यायची आणि थांबले की बरे वाटायचे. आम्ही ते वयाचे समजलो. गेला महिनाभर मात्र रात्री चवड्यात आणि बोटांत असा ठणका लागतो की ते खुर्चीत पाय खाली सोडून बसल्या बसल्याच झोपतात. करंगळीपाशी छोटी जखम झाली आहे, ती १२ दिवसांत भरलेली नाही. पहिल्या डॉक्टरांनी नसांचे दुखणे म्हणून प्रीगॅबालिन दिले, त्याने थोडा फरक पडला. रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांनी तपासून आठवड्याच्या आत अँजिओग्राफी करायला सांगितले आणि ट्रॅमाडॉल लिहून दिले. पण अहवालात घोट्याचा निर्देशांक १.२ आहे आणि पुढे 'नॉर्मल' छापले आहे, म्हणून यजमान म्हणतात की रक्तपुरवठा ठीक आहे, आणि एकदा रुग्णालयात गेलो की पाय कापतील. ते आपल्या मनाने दिवसाला डायक्लोफेनॅकच्या तीन गोळ्या घेतात. ट्रॅमाडॉलची सवय लागेल या भीतीने ती पट्टी मी कपाटात ठेवली आहे. अगदीच कळवळले तर एखादी गोळी देते. रात्री पाय चोळून देते, गरम पाण्याच्या पिशवीने शेकते. औषधांवर हे भागेल का? माझे कुठे चुकते आहे का? अहवाल सोबत जोडला आहे.

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण ओघात लिहून पुढे गेल्या आहात. यजमान पाय खाली सोडून, बसल्या बसल्या झोपतात, हे ते वाक्य. आडवे झाले की वाढणारे आणि पाय खाली सोडला की उतरणारे चवड्याचे दुखणे हे, दुसरे काही सिद्ध होत नाही तोपर्यंत, पायाला पुरेसे रक्त पोहोचत नसल्याचे दुखणे मानायचे असते. म्हणून आधी थेट उत्तर देते. केवळ औषधांवर हे भागणार नाही. अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांत द्रव्य सोडून काढलेले त्यांचे क्ष-किरण चित्र, याच आठवड्यात व्हायला हवी, आणि ती होईपर्यंतच्या रात्री यजमानांनी कळा सोसत काढाव्यात याला काहीही कारण नाही. वेदना उतरवणे आणि रक्त पोहोचवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करायची आहेत. त्यांतले एक केले म्हणजे दुसरे टळते, असा समज मी इतक्या घरांत पाहिला आहे की पुढचे सगळे जरा सविस्तर लिहीत आहे.

आपल्या भाषेत दुखण्याला शब्द पुष्कळ आहेत, आणि रक्तवाहिन्यांच्या आजारात ते शब्दच अर्धे निदान करून देतात. चालताना पोटरी भरून येणे, तिच्यात गोळा येणे, आणि उभ्या उभ्या चार-पाच मिनिटे थांबल्यावर ते पूर्ण जाणे, ही अरुंद झालेल्या धमनीची पहिली तक्रार असते. चालताना स्नायूला कित्येक पट अधिक रक्त लागते, अरुंद धमनी ते देऊ शकत नाही, स्नायू उपाशी पडतो आणि दुखतो. थांबले की मागणी कमी होते आणि हिशेब पुन्हा जुळतो. कण्यातली जागा अरुंद झाल्यानेही चालताना पाय दुखतात, परंतु तेथे नुसते उभे राहून आराम पडत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. पायातल्या शिरांच्या, म्हणजे अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांच्या आजारात दुखण्यापेक्षा जडपणा आणि सूज अधिक असते, ती संध्याकाळी वाढते आणि पाय उशीवर वर घेतला की उतरते. यजमानांचे नेमके उलटे आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. नसांच्या दुखण्यात, जे मधुमेहात फार आढळते, दोन्ही तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, टाचण्या टोचल्यासारखे वाटते, पाऊल बहुधा उबदार असते आणि पाय लोंबकळत ठेवून विशेष फरक पडत नाही. आणि एका पायाच्या चवड्यात, बोटांत रात्री उठणारा, माणसाला पलंगावरून उठवून बसवणारा ठणका हा उपाशी पावलाचा असतो.

हा ठणका रात्रीच का लागतो, हे समजले तर घरी काय करावे आणि काय टाळावे हेही आपोआप समजेल. उभे किंवा बसलेले असताना रक्त वरून खाली उतरायला गुरुत्वाकर्षणाची मदत असते. माणूस आडवा झाला की ती मदत संपते, शिवाय झोपेत रक्तदाबही उतरतो, आणि आधीच कशीबशी पोहोचणारी धार चवड्यापर्यंत येईनाशी होते. म्हणजे वर्षभरापूर्वी केवळ चालणाऱ्या स्नायूला कमी पडणारे रक्त आता स्वस्थ पडलेल्या कातडीलाही पुरत नाही. ही एकाच आजाराची पुढची पायरी आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ असा विश्रांतीतला ठणका असेल, किंवा त्या पायावर न भरणारी जखम असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला पाय धोक्यात आणणारा रक्ताभाव म्हणते. यजमानांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी आहेत.

आता त्या १.२ या आकड्याविषयी, कारण यजमानांचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. घोट्यापाशी मोजलेल्या वरच्या रक्तदाबाला दंडावरच्या वरच्या रक्तदाबाने भागले की हा निर्देशांक मिळतो. १.० ते १.४ हा सर्वसाधारण पल्ला धरतात, आणि ०.९ किंवा त्याहून कमी आला तर धमन्यांचा आजार आहे असे मानतात. मात्र वर्षानुवर्षांच्या मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियमचा थर साचतो आणि त्या कडक नळीसारख्या होतात. पट्टा फुगवून त्या दाबल्या जात नाहीत, त्यामुळे यंत्र दाब आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. आत रक्त थोडेच असते, पण कागदावर 'नॉर्मल' उमटते. पायाच्या बोटांतल्या बारीक धमन्या या कडकपणातून बहुधा सुटतात, म्हणून मधुमेही रुग्णाच्या अंगठ्यावरचा दाब वेगळा मोजतात. आपण जोडलेल्या अहवालाच्या खालच्या भागात तो आहे : पाऱ्याच्या २८ मिलिमीटर. तो ३० च्या खाली गेला की रक्तपुरवठा फार कमी झाला आहे असे समजतात. त्या शल्यचिकित्सकांनी घाई केली ती या ओळीवरून. हा परिच्छेद आपण यजमानांना वाचून दाखवावा.

आकड्यांवर त्यांचा विश्वास बसत नसेल तर त्यांच्या डोळ्यांना दिसेल असेही काही आहे. शल्यचिकित्सकांना सांगावे की, पाय वर करून पाहण्याची साधी तपासणी यजमानांच्या समोर, त्यांना दिसेल अशी करा. रुग्णाला उताणे झोपवून दोन्ही पाय साधारण ४५ अंशांत एक-दोन मिनिटे वर धरले की निरोगी पाऊल गुलाबीच राहते, तर आजारी पावलाचा तळवा मेणासारखा पांढरा पडतो आणि पावलावरच्या शिरा खचून तेथे खाचा दिसतात. मग उठवून पाय खाली सोडायला सांगितले की निरोगी पायाचा रंग लगेच परत येतो. आजारी पाय काही काळ तसाच पांढरा राहतो आणि नंतर हळूहळू लालबुंद, किंचित जांभळा होत जातो. खुर्चीत बसलेल्या यजमानांच्या पायाला जो लाल रंग दिसतो, तो चांगल्या रक्तपुरवठ्याचा नाही. ऑक्सिजनसाठी आसुसलेल्या केशवाहिन्या सैल पडून पूर्ण उघडल्या आहेत आणि त्यांत रक्त साचून राहिले आहे, याचा तो रंग आहे. बाह्यरुग्ण विभागात ही तपासणी करताना मी नेहमी नातेवाइकांना जवळ बोलावते, कारण दोन्ही तळवे शेजारी शेजारी पाहिल्यावर मला फारसे बोलावे लागत नाही.

पहिल्या डॉक्टरांचे निदान मग चुकीचे होते का? अपुरे होते, असे म्हणेन. १६ वर्षांच्या मधुमेहात नसाही दुखावलेल्या असतात, आणि रक्त न मिळालेल्या नसा स्वतंत्रपणेही वेदना निर्माण करतात, म्हणून प्रीगॅबालिनने थोडा आराम पडला यात नवल नाही. त्या आरामावरून दुखणे फक्त नसांचे आहे असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे. नसा बधिर झालेल्या रुग्णांत तर रक्ताभावाचे दुखणे झाकले जाते आणि माणूस थेट काळ्या पडलेल्या बोटानिशी येतो. यजमानांचा ठणका त्यांना जाणवतो आहे, हे त्या दृष्टीने बरे आहे. प्रीगॅबालिन अचानक बंद करू नये. त्याची मात्रा मूत्रपिंडाच्या कामाप्रमाणे ठरवावी लागते, एवढे शल्यचिकित्सकांच्या कानावर घालावे.

गोळ्यांपैकी डायक्लोफेनॅक आजच बंद करावे. हे मी सल्ला म्हणून नव्हे, आग्रहाने लिहीत आहे. या वर्गातली वेदनाशामके हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढवतात. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली स्पष्ट सांगितले की, हृदयाच्या धमन्यांचा किंवा पायाच्या धमन्यांचा आजार असलेल्यांना डायक्लोफेनॅक देऊच नये. यजमानांना दोन्ही आजार आहेत. ॲस्पिरिनच्या जोडीने ते पोटात रक्तस्राव घडवू शकते. आणखी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात क्वचितच येते. अँजिओग्राफीत वापरले जाणारे द्रव्य मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. मधुमेहाने आधीच दमलेल्या मूत्रपिंडावर डायक्लोफेनॅकचा मारा चालू असताना ते द्रव्य गेले, तर मूत्रपिंड बिघडण्याची शक्यता वाढते. म्हणजे दुखणे दाबण्यासाठी घेतलेली गोळी दुखण्याच्या मुळावरचा उपचारच अवघड करून ठेवते. त्याऐवजी आयब्युप्रोफेन घ्यावे असेही कोणी सुचवील, पण तेही त्याच वर्गातले आहे आणि ॲस्पिरिनच्या रक्त पातळ ठेवण्याच्या कामात थेट आड येते. पायाभूत गोळी म्हणून पॅरासिटामॉल चालेल. यजमानांच्या वयाला २४ तासांत ३ ग्रॅमच्या वर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, यकृताचा त्रास असेल तर त्याहूनही कमी घ्यावे. इतर मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते धरून हा हिशेब करावा.

आता कपाटातल्या पट्टीविषयी. आपण ती कपाटात का ठेवली असेल, ते मी समजू शकते. ट्रॅमाडॉल हे अफूच्या कुळातल्या औषधांसारखे काम करते, त्याची सवय लागू शकते, ही आपली भीती निराधार नाही. परंतु ती सवय बहुतेक वेळा कारण संपल्यावरही दीर्घकाळ चालू राहिलेल्या वापराने लागते. रक्तपुरवठा पूर्ववत होईपर्यंतच्या काही दिवसांसाठी, ठरलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले हे औषध वेगळ्या तोलाचे आहे. कळवळल्यावरच गोळी देण्याच्या पद्धतीत तर दुहेरी नुकसान होते. वेदना एकदा शिखरावर चढली की तिला उतरवायला औषध जास्त लागते, गोळीचा परिणाम व्हायला पाऊण-एक तास जातो, आणि तोवर माणूस खुर्चीत बसलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनांसाठी जी पायऱ्यांची पद्धत आखून दिली, तिच्यातले एक तत्त्व येथेही लागू आहे : सततच्या वेदनेवर औषध घड्याळाप्रमाणे द्यावे, सहनशक्ती संपण्याची वाट पाहून नव्हे. तेव्हा ट्रॅमाडॉल डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेला आणि लिहिलेल्या मात्रेतच द्यावे, कमीही नको आणि जास्तही नको.

देताना काही गोष्टी पाहाव्या लागतील. ट्रॅमाडॉल आणि प्रीगॅबालिन एकत्र घेतल्याने गुंगी वाढते आणि क्वचित श्वास मंदावतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्यांच्याजवळ कोणीतरी असावे आणि रात्री त्यांना एकटे उठून चालू देऊ नये. हाक मारूनही नीट जाग येत नसेल किंवा श्वास फार संथ वाटत असेल, तर पुढची गोळी न देता तातडीने रुग्णालय गाठावे. दोन्ही औषधे दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिली आहेत, त्यामुळे दुसऱ्यांना पहिल्या गोळीची माहिती आहे का, हे उद्याच फोन करून विचारावे. फीटचा पूर्वीचा त्रास किंवा नैराश्यावरची एखादी गोळी चालू असेल तर तेही सांगावे. ट्रॅमाडॉलने मधुमेही माणसाची साखर कधी कधी उतरते, तेव्हा ती अधिक वेळा तपासावी. बद्धकोष्ठ बहुतेकांना होतोच, म्हणून पहिल्या दिवसापासून सौम्य रेचक मागून घ्यावे. एवढे करूनही ठणका आटोक्यात आला नाही, तर 'याहून काही होत नाही' असे समजू नये. भूलतज्ज्ञ गुडघ्यामागच्या नसेपाशी किंवा पाठीत बारीक नळी ठेवून पायापुरती वेदना काही दिवस थांबवू शकतात. मॉर्फिनसारखी औषधे रुग्णालयात मोजून देता येतात. वेदनेसाठी वेगळे तज्ज्ञ असतात आणि त्यांना बोलावण्याची विनंती करण्यात संकोच वाटू देऊ नये.

रात्रीच्या शुश्रूषेत दोन गोष्टी बदलाव्या लागतील. पहिली, गरम पाण्याची पिशवी. पाय गार लागतो म्हणून शेकावासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे, पण उष्णतेने पेशींची रक्ताची मागणी वाढते आणि पुरवठा वाढत नाही. वरून लागलेली उष्णता वाहून नेणारे रक्तही तेथे नाही, आणि बधिर कातडीला चटका कळत नाही. इतर माणसाला नुसती कोमट वाटणारी पिशवी अशा पायावर फोड आणते, आणि तो फोड मग भरत नाही. सैल सुती मोजा आणि हलके पांघरूण एवढीच ऊब पुरे. पांघरुणाचे वजन बोटांवर पडू नये म्हणून पायथ्याशी एखादी चौकट किंवा खोके ठेवून त्यावरून ते सोडावे. दुसरी गोष्ट चोळण्याची. जखमेच्या आसपास आणि बोटांवर चोळणे पूर्ण थांबवावे. आपला हात त्यांच्या पायावर असणे त्यांना हवेसे वाटत असेल, तर तो गुडघ्याच्या वर, मांडीवर ठेवावा.

खुर्चीचा प्रश्न जरा नाजूक आहे, कारण तिने आराम खरोखर पडतो. परंतु रात्रभर पाय लोंबकळत राहिला की त्याला सूज येते, सूज बारीक रक्तवाहिन्यांना बाहेरून दाबते आणि जे थोडे रक्त येत होते तेही कमी होते. महिनोन्महिने असे बसलेल्या रुग्णांचे गुडघे वाकलेल्या अवस्थेत आखडून गेलेले मी पाहिले आहेत, आणि मग रक्तपुरवठा सुधारल्यावरही पाय सरळ होत नाही. यावर जुना, सोपा तोडगा म्हणजे पलंगाच्या उशाकडचे दोन्ही पाय विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर १० ते १५ सेंटिमीटर उचलणे. त्यामुळे संपूर्ण पलंग पावलांकडे उतरता होतो, गुरुत्वाकर्षणाची थोडी मदत मिळते आणि गुडघा सरळ राहतो. नुसत्या उशा वाढवून हे साधत नाही, कारण तेव्हा माणूस कमरेत वाकतो. पायाखाली उशी मात्र अजिबात देऊ नये. सुजेवर घट्ट मोजे घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही मानू नये. ते मोजे शिरांच्या आजारात गुणकारी आहेत, रक्त न पोहोचणाऱ्या पायात ते कातडी मारतात. जखम रोज पाहावी, कोरडी आणि झाकलेली ठेवावी, आणि पाय पाण्यात बुडवून ठेवू नये. अनवाणी चालणे घरातही बंद करावे.

राहिली यजमानांची भीती, आणि तिच्याशी खोटे बोलून चालणार नाही. या अवस्थेत उपचार न झालेल्या पायांपैकी बरेच पाय पुढे कापावे लागतात, हे खरे आहे. पण ते आजाराने आणि उशिराने कापावे लागतात, अँजिओग्राफीमुळे नव्हे. त्यांना एक घटना सांगावी. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञांकडे ८२ वर्षांची एक बाई आली. तिच्या पायाची बोटे सडू लागली होती, ठणका थांबत नव्हता, शल्यचिकित्सकांनी पाय कापायला सांगितला होता आणि तिने साफ नकार दिला होता. डॉटर यांनी कातडीला छोटे छिद्र पाडून मांडीतल्या धमनीच्या अरुंद जागेतून एकामागून एक जाड नळ्या सरकवल्या आणि ती जागा रुंद केली. पाऊल गरम झाले, वेदना गेली. ती पुढे काही वर्षांनी वारली, आणि तोवर आपल्या दोन्ही पायांवर चालत होती. आज जिला अँजिओप्लास्टी म्हणतात तिची सुरुवात अशी, पाय वाचवण्यासाठी आणि पाय कापू न देणाऱ्या रुग्णावर झाली. हृदयाच्या धमन्यांत ही पद्धत नंतर आली. ज्या खोलीची यजमानांना भीती वाटते, तिचा इतिहास हा आहे.

अँजिओग्राफीतून अडथळा कोठे आणि किती लांबीचा आहे हे दिसेल, आणि त्यावरून फुग्याने धमनी रुंद करायची की पायातलीच निरोगी शीर वापरून बायपास, म्हणजे अडथळ्याला वळसा घालणारी वाट, करायचा, हे ठरेल. यात एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, चांगली शीर उपलब्ध असलेल्या रुग्णांत बायपास सरस ठरला. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या चाचणीत, गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी आधी फुग्याचा मार्ग घेतलेले रुग्ण अधिक चांगले राहिले. म्हणून शल्यचिकित्सकांना सरळ विचारावे : यांच्या पायात वापरण्याजोगी शीर आहे का, अडथळा गुडघ्याच्या वर आहे की खाली, आणि हृदयाची अवस्था मोठी शस्त्रक्रिया पेलेल का? एखादे बोट गमवावे लागण्याची शक्यताही आधीच विचारून घ्यावी. ते ऐकणे कठीण असले तरी ऐन वेळी ऐकण्यापेक्षा बरे. जाण्यापूर्वी मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन तपासलेले असावे. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर सांगावे, कारण मूत्रपिंड कमजोर असल्यास ती गोळी काही काळ थांबवतात. ॲस्पिरिन आपणहून बंद करू नये.

रक्त पोहोचू लागले की रात्रीचा ठणका बहुधा लवकर उतरतो, काहींचा त्याच रात्री. तरी पाय पुढे काही आठवडे सुजतो, मुंग्या येतात, कधी विजेसारख्या चमका मारतात. उपाशी राहिलेल्या नसा सावरायला वेळ घेतात, त्यामुळे उपचार फसला असे समजून घाबरू नये, आणि प्रीगॅबालिनची खरी गरज कदाचित त्या काळातच लागेल. ट्रॅमाडॉल मात्र तेव्हा डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने कमी करत बंद करावे. आपली सवयीची भीती तेव्हा कामाला आणावी.

कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन गोळी चालू आहे की नाही, ते आपण लिहिलेले नाही. नसेल तर विचारावे, कारण ती धमन्यांतला आजार आवरते आणि हृदयालाही जपते. चालण्याचा व्यायाम या आजारात अतिशय गुणकारी आहे. आठवड्यातून तीन वेळा, दुखू लागेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे, असे १२ आठवडे नेमाने केल्याने अनेकांचे न दुखता चालण्याचे अंतर दुपटीपर्यंत जाते. परंतु तो गेल्या वर्षीच्या पोटरीवरचा उपाय होता. आजच्या ठणक्यावर आणि जखमेवर तो नाही. जखम भरल्यावर तो जरूर सुरू करावा. आणि सिगारेट 'कमी केली आहे' यावर समाधान मानता येत नाही. निकोटिनने धमन्या आखडतात आणि बायपासची शीर बंद पडण्याचा धोका वाढतो, त्यामुळे एवढे सोसून मिळवलेले रक्त दिवसाच्या दोन-चार सिगारेटी हिरावून घेऊ शकतात. सोडण्यासाठी औषधे आणि समुपदेशन दोन्ही उपलब्ध आहेत. नुसत्या इच्छाशक्तीवर सोडता न येणे हा त्यांचा दोष नाही.

आपले कुठे चुकते का, असे आपण विचारले आहे. महिनाभर रात्री त्यांच्या पायाशी बसून आपण जे केले, ते त्यांचे दुखणे कमी व्हावे म्हणूनच केले; गरम पिशवी, जखमेजवळचे चोळणे आणि कपाटात ठेवलेली पट्टी या तीन गोष्टी सोडून बाकी सारे चालू ठेवावे. फक्त रात्रींची पाळी घरातल्या आणखी कोणाशी वाटून घ्यावी, कारण रुग्णालयातल्या दिवसांत आणि नंतरच्या मलमपट्टीत आपली झोप झालेली असणे आणि लक्ष ताजे असणे गरजेचे आहे.

शेवटी, अँजिओग्राफीच्या तारखेआधी काय झाले तर थांबू नये, ते सांगते. जखमेभोवती लाली पसरू लागली, वास येऊ लागला, बोट काळे पडू लागले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आणि पाय अचानक गार, पांढराफटक आणि बधिर झाला, बोटे हलवता येईनात, तर धमनी पूर्ण बंद झाली असे समजावे. स्नायू मरायला साधारण सहा तास पुरतात, म्हणून मध्यरात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात थेट जावे, आणि दारात पोहोचल्यावर मधुमेहाचा सगळा इतिहास सांगण्याआधी पहिल्याच वाक्यात 'पाय अचानक गार पडला आहे' असे सांगावे.